मिरीतलं टर्पीन आणि गांजातलं टर्पीन एकच का?

सांगलीकर: आईचे गुडघे धरलेत. ‘गांजातल्या टर्पीनने सूज उतरते’ म्हणून एकजण महागडं तेल गळ्यात मारतोय. तथ्य आहे?

फार्मसीवाली ताई: टर्पीन म्हणजे वनस्पतींना वास देणारं द्रव्य. तो त्यातल्या बीटा-कॅरिओफायलीनबद्दल म्हणत असेल. ते मिरी-लवंगेतही असतं. शरीरातल्या सीबी२ ग्राहीला (पेशीवरची, गांजातली द्रव्यं चिकटतात ती जागा) चिकटतं, मेंदूतल्या नशा आणणाऱ्या सीबी१ ग्राहीला नाही, त्यामुळे नशा चढत नाही. २००८च्या संशोधनात उंदरांची सूज उतरली होती. उंदरांची! तेवढ्यावर आईसाठी पैसे घालू नका, कळकळीने सांगते.

सांगलीकर: मग जेवणात मिरी वाढवू?

मसाल्याचा डबा: चवीपुरती खुशाल. खलबत्त्यात मिरी फुटताच जो लाकडासारखा वास सुटतो, त्यात या बीटा-कॅरिओफायलीनचाही वाटा असतो.

फार्मसीवाली ताई: लवंगेचं तेल मात्र पोटात नको, यकृताला बाधतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचाराच.