चर्चा: खोताचा वाटा कुठल्या आलेखात बसतो?

ओहोटी (राजापूर):
पुतणीची बी.ए.ची अर्थशास्त्राची पुस्तकं चाळली. मागणी-पुरवठ्याच्या रेषा पानोपानी, पण जमीन कोणाची, कर्ज कोणाचं, भाव कोण फोडतं, याचा पत्ता नाही. स्मिथ, रिकार्डो, मार्क्स यांचं भांडणच मुळी पिकलेलं कोणाच्या वाट्याला किती जातं यावर होतं. १८७१ ला जेव्हन्स आणि मेंगर हे अर्थशास्त्री आले नि शेवटच्या नगातून ग्राहकाला समाधान किती, हा प्रश्न मोठा झाला. सत्ता आणि इतिहास ओसरीवर बसले. इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सरसकट सगळ्या देशांना लागू नाहीत, हे न्या. रानड्यांनी १८९२ ला पुण्यात मांडलं होतं. आज शिकवतं कोण?

आपली कोकणातली खोती बघा. खोत म्हणजे सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा वतनदार. खोताचा वाटा जमिनीच्या कसापेक्षा त्याच्या वजनावर ठरायचा. म्हणून तर अलिबागजवळ चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी कसल्याच नाहीत. आंबेडकरांनी १९३७ ला खोतीविरोधी विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. काढा याचा आलेख!

हिशेबी:
काढतात की. कुळांचा संप हा सौदाशक्तीचा प्रश्न, गेम थिअरीत, म्हणजे एकमेकांचे डाव ओळखून वागण्याच्या अभ्यासात, त्याचंच गणित असतं. सामाईक संसाधनांवर काम करणाऱ्या ऑस्ट्रॉमना २००९ ला नोबेल मिळालं, संस्था आणि समृद्धीचं नातं तपासणाऱ्या असेमोग्लू, जॉन्सन, रॉबिन्सन यांना २०२४ ला. तुम्ही ज्या अर्थशास्त्राचं तेरावं घालताय ते नोबेल घेऊन फिरतंय. 'सत्ता, सत्ता' म्हणून भाषण ठोकणं सोपं असतं, किती ते मोजून दाखवा.

कलमवाला (देवगड):
मोजा मग. आंब्याच्या फवारणीला पैसा लागतो, तो मुंबईचा दलाल उचल म्हणून देतो. उचल घेतली की पेट्या त्यालाच. पेटी टेम्पोत चढते तेव्हा भाव ठाऊक नसतो. मागाहून पट्टी येते: भाव त्याने लिहिलेला, हमाली कापलेली, डागी माल म्हणून आणखी कापलेलं. भांडलो तर पुढच्या साली फवारणीला पैसा कोण देणार? पुस्तकातला विक्रेता मोकळा असतो म्हणे. आमचा मोहोर यायच्या आधीच बांधला गेलेला.

हिशेबी:
हा पतपुरवठ्याचा दोष. शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून अडत (दलाली) घ्यायचं २०१६ ला ठरलं, फळं बाजार समितीबाहेर विकायलाही मोकळीक मिळाली. पीककर्ज वेळेत मिळालं की दलालाची पकड सुटेल. इथे मार्क्स कशाला हवा?

कलमवाला (देवगड):
पीककर्जाला सातबारा लागतो. आमच्या सातबाऱ्यावर पणज्यापासूनची नावं, निम्मे मुंबईत, काही वारलेले. सह्या कोण आणतंय? तुम्ही?

ओहोटी (राजापूर):
अन् ती नावं तशीच का राहिली, हाच माझा विषय. तो तुमच्या समीकरणात 'इतर घटक स्थिर' म्हणून गप्प बसवलेला असतो.

हिशेबी:
स्थिर धरल्याशिवाय एका कारणाचा परिणाम वेगळा काढणार कसा? सगळंच एकदम धरलंत तर हाती कादंबरी येईल.

रापणकर (मालवण):
ऑस्ट्रॉमबाई माका पटली. रापणीत, म्हणजे सगळ्यांनी मिळान किनाऱ्यार ओढूच्या जाळ्यात, वाटो कसो करूचो ता आमका कोणी शिकवूक नाय. पण पर्ससीनवाल्यांवर, म्हणजे मोठ्या जाळ्यान माशांचो अख्खो थवो घेरणाऱ्या बोटवाल्यांवर, २०१६ ला निर्बंध इले, तरी ते किनाऱ्याजवळ आत येतत. नियम मोडून कोणाक काय होणा नाय, ता कित्याक, ह्या गणितात घाला आधी.