एकच वर्ड फाइल प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी का दिसते? सह्यांचा भाग सातव्या पानावर जातोय

अहवालवाली

नमस्कार मंडळी, तीन दिवस एकाच फाइलमागे लागलेय, कुणीतरी मदत करा. सहा पानांचा मराठी अहवाल आहे, मध्ये मध्ये इंग्रजी नावं आणि आकडे, चार टेबलं आणि शेवटी तिघांच्या सह्यांची जागा. माझ्याकडे (विंडोज ७, जुनं ऑफिस) बरोबर सहा पानांत बसतो. तीच फाइल दुसऱ्या टेबलावरच्या नव्या कॉम्प्युटरवर उघडली की सात पानं होतात आणि सातव्या पानावर नुसत्या सह्या, वर काही नाही. सह्या एकट्या पानावर गेल्या की कागद परत येतो, कारण कशावर सही केली तेच त्या पानावर दिसत नाही. तिसऱ्या कॉम्प्युटरवर स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं पण प्रिंट काढली की अक्षरं जराशी बारीक येतात आणि खाली जास्त कोरी जागा सुटते. मी दर वेळी एंटर काढते, स्पेस घालते, तिकडे जमवलं की इकडे बिघडतं. फाँट मंगल, १२ साइज. नव्या कॉम्प्युटरवर पण फाँटच्या खिडकीत मंगलच लिहिलेलं दिसतंय, मग फरक कुठून येतो?

फाँटवाला

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. खिडकीत मंगल लिहिलंय म्हणजे तिथे मंगल आहे असं नाही. वर्ड फाइलमध्ये फक्त फाँटचं नाव साठवतो, आणि तो फाँट मशीनवर नसला तरी नाव तसंच दाखवत राहतो, अक्षरं मात्र दुसऱ्याच फाँटमधून काढतो, देवनागरीसाठी बहुतेक वेळा निर्मला यूआय. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फाँट सगळ्या मशीनवर आपोआप नसतात, ते 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यात गेलेत. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा, तिथून तो गठ्ठा टाकता येतो. इंटरनेट लागेल आणि ऑफिसचं मशीन असेल तर अ‍ॅडमिनची परवानगीही लागू शकते.

खात्री करायची तर नव्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडून फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये जा, 'शो डॉक्युमेंट कंटेंट' या भागात फाँट सब्स्टिट्यूशन असं बटण आहे, कुठल्या फाँटच्या जागी कुठला वापरलाय ते तिथे सरळ दिसतं.

आणि दोन फाँटांचा साइज १२ असला तरी ओळीची उंची सारखी नसते हे लक्षात घ्या. मंगलला वरखाली बरीच जागा लागते, कोकिला त्याच साइजला कितीतरी लहान दिसतो. ओळीमागे जरासा फरक पडला तरी सहा पानांत तो साचत जातो आणि शेवटचा भाग पुढच्या पानावर ढकलला जातो.

जुना टायपिस्ट

वरचं बरोबर आहे पण नुसता फाँट टाकून थांबू नका, उद्या चौथं मशीन येईल. मुळात वर्डच्या फाइलमध्ये पानं अशी साठवलेलीच नसतात. मजकूर आणि त्याचे नियम साठवलेले असतात, पानं प्रत्येक कॉम्प्युटर स्वतः उघडताना पाडतो. म्हणून एंटर मारून मारून खाली आणलेला मजकूर फक्त तुमच्याच मशीनवर जागेवर राहतो. आधी कंट्रोल शिफ्ट ८ दाबा, सगळे एंटर आणि स्पेस खुणांनी दिसतील. एकापाठोपाठ चार-पाच एंटर दिसले की ते काढा आणि तिथे नवीन पान हवं असेल तर कंट्रोल एंटर, नुसतं अंतर हवं असेल तर पॅराग्राफ सेटिंगमधलं 'स्पेसिंग बिफोर'. सह्यांची नावं स्पेस देऊन बाजूबाजूला बसवली असतील तर तेही काढा, तीन रकान्यांचं बिनरेषांचं टेबल करा.

आता सह्यांचं. अहवालाचा शेवटचा परिच्छेद आणि सह्यांच्या टेबलातल्या शेवटची सोडून सगळ्या ओळी सिलेक्ट करा, पॅराग्राफ, लाइन अँड पेज ब्रेक्स, आणि 'कीप विथ नेक्स्ट' वर टिक. परिच्छेद मोठा असेल तर त्याला 'कीप लाइन्स टुगेदर' पण द्या. मग पानं सहा होवोत की सात, सह्या एकट्या जाणार नाहीत, शेवटचा परिच्छेद सोबत घेऊनच जातील. माझ्या मते पानांची संख्या जुळवण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे, तुमचा कागद परत येतो तो याच्यामुळे.

मोठ्या टेबलांना टेबल प्रॉपर्टीजमध्ये 'अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस' ची टिक काढा, आणि ऑप्शन्समधलं 'ऑटोमॅटिकली रिसाइज टू फिट कंटेंट्स' बंद करा, नाहीतर फाँट बदलला की रकान्यांची रुंदी पण हलते.

घाईतला

एवढा त्रास कशाला, पीडीएफ करून पाठवा. त्यात पानं ठरलेली असतात आणि फाँट पण आत जातात.

अहवालवाली

पीडीएफ शेवटी करतेच, पण त्याआधी ही फाइल तिघांकडे फिरते, प्रत्येक जण आपापले आकडे भरतो, त्यामुळे वर्डच लागतं.

नव्या कॉम्प्युटरवर सब्स्टिट्यूशनची खिडकी उघडली आणि खरंच मंगल 'नाही' म्हणून दाखवत होता! अ‍ॅडमिनकडून तो गठ्ठा टाकून घेतला, वर्ड बंद करून परत उघडलं आणि सहा पानं झाली. इतके दिवस मी एंटर मोजत बसले होते. सह्यांचं टेबल पण केलं, कीप विथ नेक्स्ट दिलं, मुद्दाम वर दहा ओळी वाढवून पाहिलं तर परिच्छेदासकट पुढे गेलं. खूप आभार.

एक विचारायचं होतं, मी लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' करून टाकलं तर फाँट कुठलाही आला तरी पानं सारखीच राहतील का?

फाँटवाला

उंची सारखी राहील, रुंदी नाही, कारण दुसऱ्या फाँटमध्ये ओळ वेगळ्या शब्दावर तुटेल. आणि देवनागरीत आकडा कमी ठेवला तर वरच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार कापले जातात, स्क्रीनवर आणि कागदावर दोन्हीकडे. वापरायचंच असेल तर १२ च्या मंगलला २० पॉइंटपासून बघा आणि 'र्कीं', 'ट्रू' असले शब्द टाइप करून तपासा.

त्यापेक्षा फाइलमध्येच फाँट घाला. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, सगळ्यात खाली 'एम्बेड फाँट्स इन द फाइल'. त्याखाली दोन टिका असतात. फाइल इतरांना एडिट करायची आहे म्हणून 'फक्त वापरलेली अक्षरं' वाली टिक लावू नका, आणि 'कॉमन सिस्टिम फाँट्स नको' वाली पण काढून ठेवा. फाइल जड होते. फाँट बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच तो आत जातो, सगळेच जात नाहीत. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा मोफत फाँट सगळ्यांनी टाकून घेतला तर हा प्रश्न राहत नाही.

अजून एक, मराठीचा फाँट बदलताना कंट्रोल डी च्या खिडकीत खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' चा वेगळा रकाना असतो, देवनागरीचा फाँट आणि साइज तिथून ठरतो. वरच्या लॅटिनच्या रकान्यात बदल करून मराठी अक्षरं हलत नाहीत.

प्रिंटरजवळ बसणारी

तिसऱ्या कॉम्प्युटरचं कुणी बोललंच नाही. स्क्रीनवर ठीक आणि कागदावर बारीक, हे कागदाच्या मापाचं आहे. तुमचं पान ए४ असेल, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि त्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये लेटर निवडलेलं असेल, ज्याची उंची साधारण २७९ च आहे. वर्डमध्ये ए४ चा मजकूर लेटरवर बसवण्यासाठी लहान करायचा एक पर्याय आहे, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, प्रिंट या भागात 'स्केल कंटेंट फॉर ए४', तो चालू असतो म्हणून सगळं सहा टक्क्यांच्या आसपास आकसतं. कंट्रोल पॅनलमधून त्या प्रिंटरच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये ए४ करा, नुसतं वर्डमध्ये नाही, नाहीतर पुढच्या फाइलला परत तेच होईल.

आणि फाइलच्या नावापुढे वर 'कॉम्पॅटिबिलिटी मोड' दिसतंय का बघा. दिसत असेल तर फाइल जुन्या पद्धतीने पानं पाडतेय. कन्व्हर्ट करणार असाल तर कॉपीवर करून बघा आणि एकदाच करा, मध्येच एकाने केलं की बाकीच्यांना पानं परत वेगळी दिसतात.

अहवालवाली

लेटरच होतं! प्रिंटरमध्ये ए४ केलं, आता तिन्ही ठिकाणच्या प्रिंट एकावर एक ठेवून उजेडात धरल्या, ओळी जुळतायत. कॉम्पॅटिबिलिटी मोड पण दिसतोय पण अहवाल उद्याच द्यायचा आहे, त्यामुळे आता हात लावत नाही, पुढच्या वेळी कोऱ्या फाइलपासून सुरुवात करेन.