मठातली गडद बिअर: संन्याशांच्या हाताला खरंच काही मोल आहे का?

गेंटकर

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांच्या मुलखात वेस्टफ्लेटरन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सिंट सिक्स्टस मठातले ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाचे संन्यासी १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून बिअर बनवतात. त्यांची पिवळ्या बुचाची 'ट्वेल्व्ह' ही १०.२ टक्के अल्कोहोलची गडद एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार. माझ्या मते जगात याहून चांगली गडद बिअर क्वचितच मिळेल. हा धागा काढलाय तो मात्र दुसऱ्याच मुद्द्यासाठी.

आधी चवीबद्दल. ही फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नये. १२ ते १४ अंशांवर येऊ द्यावी, रुंद तोंडाच्या पेल्यात तिरकी धरून हळूहळू ओतावी आणि तळातलं बोटभर बाटलीतच ठेवावं, कारण तिथे यीस्ट बसलेलं असतं. फेस फिकट तपकिरी आणि दाट येतो. पहिला वास मनुकांचा आणि सुक्या अंजिराचा, मग काकवीचा. घोट घेतल्यावर वाटतं आता जिभेवर गोडवा साचणार, पण शेवटी ती कोरडी होते आणि हलका कडवटपणा मागे ठेवते. करपलेपणा अजिबात नाही, कारण हा रंग मुख्यतः भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) नसून शिजवून गडद केलेल्या साखरेच्या पाकाचा असतो. ती साखर यीस्ट जवळपास सगळी खाऊन टाकतं. म्हणून कडकपणा वाढतो, पण बिअर घशात चिकटत नाही. बाटलीत पुन्हा एकदा आंबवण होतं, त्यातून तो बारीक बुडबुडा येतो.

आता मुद्दा. या मठाला मागणी कितीतरी पट वाढली तरी तो उत्पादन वाढवत नाही. मठाचा खर्च, इमारतींची डागडुजी आणि दानधर्म भागेल एवढंच बनवतात. पूर्वी फोनवर नंबर लावून आणि गाडीची नंबरप्लेट सांगून क्रेट न्यावे लागत. २०१९ पासून वेबसाइटवर मागणी नोंदवता येते, पण पुन्हा विकणार नाही या अटीवरच. मी म्हणतो, पिणाऱ्याने या 'पुरे'ची किंमत चवीइतकीच धरावी.

माल्टवाला पुणेकर

गेंटकर, चवीचं वर्णन वाचून आत्ताच्या आत्ता पेला काढावासा वाटला. पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, याच मठाने आपली बिअर बनवायचा परवाना वाटू गावातल्या एका चीज बनवणाऱ्याला दिला. तो करार १९९२ पर्यंत चालला. ती ब्रुअरी म्हणजे आजची सेंट बर्नार्डस. करार संपला तरी त्यांनी जुनं यीस्ट सांभाळलं. उलट मठ आज वेस्टमाले इथल्या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठातून आणलेलं यीस्ट वापरतो. म्हणजे चाळीसेक वर्षं जी बिअर लोक 'मठाची' म्हणून प्यायले, तिच्या जास्त जवळ आहे सेंट बर्नार्डसची 'अब्ट १२', आणि ती बनवणारे पगारी कामगार आहेत. डोळे बांधून दोन्ही बिअर शेजारी ठेवून चाखा. फरक कळेल, पण संन्यासी कुठल्या पेल्यात आहे ते कळणार नाही.

आणि एवढी कडक बिअर प्रार्थनेतून आलेली नाही. १९१९ मध्ये बेल्जियमने कॅफेत स्पिरिट, म्हणजे जिनसारखी कडक दारू, विकायला बंदी घातली. लोकांना जिनऐवजी काहीतरी जोरदार हवं होतं, तेव्हा ब्रुअरींनी बिअर कडक केली. मठांनीही तेच केलं. यात वाईट काहीच नाही, पण याला अध्यात्माचं वलय देऊ नका. बिअर पेल्यात जोखायची असते.

वारीचा वाटसरू

मी माळकरी आहे, त्यामुळे चवीवर बोलणार नाही. पण मला हे मुळातच पटत नाही. ज्याने घरदार सोडलं त्याने दहा टक्क्यांची दारू बनवून जगाला विकायची? कष्ट करून खावं हे मान्य. सावता महाराजांनी मळा पिकवलाच की. पण मळा पिकवणं वेगळं आणि नशा पिकवणं वेगळं. पैसा दानात जातो म्हणून वस्तू शुद्ध होत नाही. तसं असेल तर कुठलाही गुत्तेवाला देवळाला देणगी देऊन मोकळा होईल.

गेंटकर

वाटसरू, तुमचा आक्षेप मला हलका वाटत नाही. एवढंच सांगतो की त्यांची परंपरा दारूकडे वेगळ्या नजरेने बघते. हे संन्यासी संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीने चालतात. तिच्या ४८व्या प्रकरणात म्हटलंय की हाताच्या कष्टावर जगेल तोच खरा संन्यासी. ४०व्या प्रकरणात वाइनचा विषय आहे. वाइन संन्याशांसाठी नाही असं म्हणतात, पण आजच्यांना ते पटवता येत नाही, तर निदान पोट फुटेस्तोवर न पिता बेताने प्यावं, असा त्याचा आशय. म्हणजे सुरुवातीपासून भर मापावर आहे. वेस्टमालेत संन्याशांच्या जेवणासाठी ४.८ टक्क्यांची हलकी बिअर वेगळी बनते. कडक बिअर त्यांचं रोजचं पेय नाही.

वारीचा वाटसरू

मग माझाच मुद्दा पक्का झाला. स्वतः हलकी घ्यायची आणि कडक बाहेर विकायची. जे आपल्या पंगतीत रोज वाढणार नाही ते दुसऱ्याला का द्यावं?

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर आहे म्हणून हिशेब मांडते. ३३० मिलीची १०.२ टक्क्यांची बाटली म्हणजे साधारण २६ ते २७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये १३ ग्रॅम. एक बाटली म्हणजे दोन झाल्या. गोडसर चवीमुळे ते जाणवत नाही, आणि याच जागी लोक फसतात. 'मठाची आहे, नैसर्गिक आहे' हे वाक्य मी सुशिक्षित लोकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. यकृताला बाटली कुणी भरली ते कळत नाही. प्यायचीच तर एक, जेवणासोबत, आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.

रेखा, लूव्हन

पुणेकरांना उत्तर द्यायचंय. तुम्ही चव आणि ओळख एकत्र करताय. ट्रॅपिस्ट बिअरच्या बाटलीवरचा षटकोनी 'ऑथेंटिक ट्रॅपिस्ट प्रॉडक्ट' शिक्का चवीसाठी नाहीच. अटी तीन: बिअर मठाच्या आवारात संन्याशांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनली पाहिजे, ब्रुअरी मठाच्या जीवनापेक्षा दुय्यम राहिली पाहिजे, आणि पैसा नफ्यासाठी नसला पाहिजे. आखेल या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठातून शेवटचे संन्यासी गेले आणि २०२१ मध्ये त्या बिअरचा शिक्का गेला. ब्रुअरी तीच, कृती तीच. यावरून शिक्का किती प्रामाणिक आहे ते दिसतं. दुसरीकडे आमच्या गावात अगदी मोठ्या कारखान्यात लेफ नावाची बिअर बनते. बाटलीवर मठाचं चित्र, मालक जगातली सगळ्यात मोठी बिअर कंपनी. ग्राहकाला हा फरक कळायलाच हवा. मला त्या चित्राचा मनापासून राग येतो.

माल्टवाला पुणेकर

रेखाताई, लेफबद्दल एकदम मान्य. पण शिक्क्यातही पायऱ्या आहेत. शिमे या ट्रॅपिस्ट बिअरचंच बघा: ती मठात बनते आणि बाटल्या काही किलोमीटरवरच्या प्लांटमध्ये भरतात. बहुतेक कामगार बाहेरचे. शिमेची चव घडवण्यात तिथले संन्यासी फादर तेओदोर यांच्याइतकाच वाटा लूव्हन विद्यापीठाच्या प्राध्यापक जॉं द क्लेर्क यांचा. त्या शास्त्रज्ञाचा हातही मोजा की! आणि वेस्टफ्लेटरनचं 'पुरे' म्हणाल, तर २०११ मध्ये बांधकामाला पैसे लागले तेव्हा सहा बाटल्या आणि दोन पेल्यांचा खोका बेल्जियमच्या सुपरमार्केटमध्ये विकलाच ना? पुढच्या वर्षी अमेरिकेतही गेला.

गेंटकर

विकला, आणि काम भागल्यावर थांबले. माझा सगळा मुद्दा या थांबण्यात आहे. जो खोका हातोहात संपला, तो पुढे पुन्हा न आणणारी कंपनी मला दाखवा. द क्लेर्क यांचं श्रेय मी शंभर टक्के मान्य करतो. त्यांना पुरलंय तेही शिमेच्याच मठात. पण त्यांनी दिलेलं ज्ञान किती बाटल्यांसाठी वापरायचं हे कोणीतरी ठरवतं, आणि मला ठरवणारा माणूस महत्त्वाचा वाटतो.

माल्टवाला पुणेकर

या थांबण्याचा फायदा कोणाला होतो तेही बघा. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या एका सुपरमार्केटने हीच बिअर जवळपास १० युरोला एक अशी विकली. मठात ती दोन युरोच्या आत पडत होती. मधला पैसा दलालांनी खाल्ला. टंचाई ठेवली की काळा बाजार होणारच. जास्त बनवली असती तर सामान्य माणसाला रास्त भावात मिळाली असती.

गेंटकर

मठाने तेव्हा जाहीर नाराजी व्यक्त केली होती. दलालीचं पाप दलालाचं आणि त्याच्याकडून घेणाऱ्याचं. मी तिप्पट-चौपट भावाची बाटली घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. कोणी विचारलं तर मी रॉशफोर १० सुचवतो. ११.३ टक्के, तीही ट्रॅपिस्टच, आणि बेल्जियमच्या साध्या दुकानात सरळ मिळते. चॉकलेटकडे झुकते, ट्वेल्व्हपेक्षा थोडी जड.

नाडीपरीक्षा

११.३ म्हणजे जवळपास ३० ग्रॅम. दोघांत एक घ्या.

माल्टवाला पुणेकर

रॉशफोर १० ला माझंही पहिलं मत. फक्त शेजारी अब्ट १२ ठेवणार, आणि लेबलं झाकून.

वारीचा वाटसरू

मी दोन्ही घेणार नाही. पण ते चीजही बनवतात असं ऐकलंय. त्यावर कोणी लिहिलं तर जरूर वाचेन.

रेखा, लूव्हन

बनवतात. शिमे, ऑर्वाल, वेस्टमाले, तिन्ही मठांचं चीज आहे. वेगळा धागा काढते.