अनुभव धागा: कुत्र्याची नसबंदी आणि भरलेली शेल्टरं

नसबंदी करणारे, करवून घेणारे, शेल्टरमध्ये राबणारे: नेमकं काय करायचं आणि कुठे फसतं एवढंच लिहा. लाडाच्या आठवणी इथे नकोत.

पशुवैद्य
मादी साधारण ६ ते १२ महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते, मोठ्या जातींत दीड वर्षही लागतं. माज ३ आठवडे चालतो. त्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून माज संपल्यावर २-३ महिन्यांनी ऑपरेशन करतात. लॅब्राडॉर, रॉटवायलर यांना सांध्यांसाठी वर्ष-दीड वर्ष थांबवणं ठीक. पण मग माजात तिला पट्ट्याशिवाय जिनासुद्धा उतरू द्यायचा नाही. ‘एकदा पिल्लं होऊ द्या, मग बघू’ याला वैद्यकीय आधार नाही.

ऑपरेशनआधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) हवीच. आपल्याकडे गोचीड ताप अंगात मुरलेला असतो, कुत्रा खातो-खेळतो आणि प्लेटलेट्स मात्र तळाला. अशाला टेबलावर घेतलं की रक्त थांबत नाही. गोचिडी निघाल्या असतील तर लपवू नका. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं खाणं आदल्या रात्री १० नंतर बंद. सकाळी बिस्किट भरवणाऱ्या आजींना आधीच बजावून ठेवा. भुलीत उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं.

घरची शुश्रूषा
टाके भरायला १० ते १४ दिवस लागतात आणि सगळं बिघडतं ते रात्री. ‘बिचारीला झोप येत नाही’ म्हणून टाके चाटू नयेत यासाठी गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन काढतात, सकाळी टाके उसवलेले. कोन अजिबात सोसतच नसेल तर मादीला जुना टी-शर्ट: पुढचे पाय बाह्यांतून, मागचा घोळ शेपटीच्या वर गाठ मारून. शी-शूच्या वेळी गाठ सोडायची. नराला याचा उपयोग नाही. थोडी सूज चालते. घाण वास, पू किंवा पांढऱ्याफटक हिरड्या दिसल्या तर तडक दवाखाना. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. नंतर खाणं पाव हिश्श्याने कमी करा, नाहीतर सहा महिन्यांत पिंप होतं.

आणि नर ऑपरेशननंतरही ४ ते ६ आठवडे पिल्लं देऊ शकतो. हे सांगायचं राहून जातं.

प्रशिक्षक
वरच्या सगळ्याशी सहमत, पण एक भ्रम काढा. नसबंदीने नराचं भटकणं आणि जागोजागी मुतणं कमी होतं. भीतीतून चावणं, दाराशी भुंकणं जात नाही. ‘ऑपरेशन केलं तरी चावतो’ म्हणत शेल्टरला आणून सोडलेले कुत्रे याच गैरसमजाचे बळी.

शेल्टर
जागा संपली की पहिला बळी विलगीकरणाचा. नव्या कुत्र्याला १४ दिवस वेगळं ठेवायचं असतं; पिंजरे नसतात, म्हणून तिसऱ्याच दिवशी तो सगळ्यांत मिसळतो आणि पार्व्हो (जीवघेण्या जुलाब-उलट्यांचा विषाणू) आत शिरतो. फिनाईलने हा विषाणू मरत नाही. आधी घाण साबणाने धुवायची, मग घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग, १० मिनिटं ओलं ठेवायचं. शी-शूवर ओतलेलं ब्लीच वाया जातं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्मनियंत्रण) नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकली आहे, पाळलेल्याची त्याच्या मालकावर. कुत्रा बेवारस सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. चहा-वडापावच्या भावात सुटका. मग महागड्या हस्कीला फाटकाशी बांधून पळणारे का थांबतील?

कुत्रा सोडायचं कारण बदली, बाळ, घरमालक काहीही असो, शेल्टरला महिनाभर आधी विचारा, फोटो आणि खरा स्वभाव कळवा. परस्पर दुसरं घर मिळालं तर एक पिंजरा वाचतो. आणायचंच झालं तर लसीकरणाचं पुस्तक, आठवडाभराचं नेहमीचं खाणं (एकदम बदललं की जुलाब) आणि तो झोपतो ती चादर. न धुता.