पहिला घोडा, शिंगरू आणि भोवऱ्यांचा वाद

माळरान :
सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेच्या तोंडावर येथे एका सदस्याने नवख्यांसाठी सल्ला लिहिला आहे. पहिला घोडा म्हणून दीड-दोन वर्षांचे शिंगरू घ्यावे, म्हणजे ते मालकाच्या वळणाने वाढते. भोवरे (अंगावरच्या केसांची गोल वळणे, जी जागेप्रमाणे शुभ-अशुभ मानतात) आणि पायांचा रंग जाणत्याकडून पाहून घ्यावा. आणि डॉक्टरवर पैसा न घालवता तो खोगीर-सजावटीवर खर्च करावा, असा त्याचा मथितार्थ आहे. हे वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. ज्याचा स्वतःचाच पाय रिकिबीत धड बसत नाही, त्याने काहीही न शिकलेले जनावर घरी आणले, तर दोघांपैकी कोणी कोणाला शिकवायचे? घोड्याचे पुढचे कायमचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास येतात आणि पाठीच्या मणक्यांची वाढ त्याच्याही पुढे चालू राहते. त्याआधी त्या पाठीवर हौशी माणसाचे वजन टाकणे हे प्रेम नव्हे. नवख्याने आठ ते चौदा वर्षांची, ट्रकच्या भोंग्याला आणि वाजंत्रीला न बुजणारी घोडी घ्यावी किंवा खच्ची केलेला घोडा घ्यावा. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो, त्यामुळे दहा वर्षांच्या जनावराला म्हातारे म्हणण्याचे कारण नाही. शिवाय घोडा मोकळ्यावर पकडण्यापासून खोगीर चढवण्यापर्यंत सारे विक्रेत्याला आपल्यासमोर करायला लावावे, त्यालाच आधी रपेट मारू द्यावी, आणि नंतर एकदा न कळवता पुन्हा जावे. कारण गुंगीचे औषध देऊन शांत केलेले किंवा वेदनाशामक देऊन लंगडणे लपवलेले जनावर दुसऱ्या दिवशी खरे रूप दाखवते.

तापीकाठी :
आपला सल्ला शहरातल्या रायडिंग क्लबात शोभेल. दत्तजयंतीच्या बाजारात राजस्थान, गुजरात, पंजाबातून घोडे येतात. त्यांत आपण म्हणता तशी शहाणी, दहा वर्षांची, खोड नसलेली घोडी विकायला आणणारा मालक मला दाखवा. ज्याच्याकडे अशी घोडी आहे तो ती विकत नाही, आणि जो विकतो त्याच्याकडे विकण्याचे कारण असते. शिंगराला निदान इतिहास नसतो. आणि भोवरे न मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की आमच्या घरात तीन पिढ्या हा व्यवहार चालतो आणि डोळ्याखाली भोवरा असलेले आसूढाळ जनावर आम्ही दावणीला बांधलेले नाही.

पागा :
तीन पिढ्यांचा अनुभव शिरसावंद्य. पण जे जनावर तीन पिढ्यांत एकदाही बांधले नाही, ते वाईट असते हे आपल्याला कळले कसे?

तापीकाठी :
दुसऱ्यांनी बांधले म्हणून कळले. माझ्या चुलत्यांनी हट्टाने तसा घोडा घेतला. वर्षाच्या आत तो खंगत गेला, मेला, आणि त्याच सुमारास घरात मोठे आजारपण आले. वराहमिहिराच्या बृहत्संहिता या जुन्या संस्कृत ग्रंथातही घोड्याच्या आवर्तांचे शुभाशुभ सांगितले आहे. ते सगळे वेडे होते आणि आपण तेवढे शहाणे, असे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

पागा :
बृहत्संहितेत कोंबड्याची आणि कासवाचीही लक्षणे आहेत; आपण कोंबडी घेताना ती ताडून पाहत असाल असे वाटत नाही. राहिला चुलत्यांचा घोडा. ताप येऊन-जाऊन राहणे, पाय सुजणे, चंदी (दाणा) खाऊनही खंगत जाणे ही सर्रा रोगाची नेहमीची लक्षणे आहेत. तो गोमाशीच्या चाव्यातून पसरतो आणि गोमाशी भोवरा पाहून चावत नाही. कोणी रक्त तपासले होते का? भोवऱ्याचा खरा उपयोग ओळखीपुरता आहे. रेसच्या घोड्यांच्या ओळखपत्रावर प्रत्येक भोवऱ्याची जागा नोंदवतात, कारण ती जन्मभर बदलत नाही.

तापीकाठी :
माझ्या घरच्या दुःखावर इथे बसून निदान करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपण त्या घोड्याला खरारा केला होता का, की रात्रभर त्याच्याजवळ बसला होता? पुस्तकी माणसांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चंदी :
दोघांनीही थोडे दमाने घ्यावे, ही विनंती. माझ्या वडिलांची घोडी आसूढाळ होती. त्या एका खुणेमुळे बाजारात तिला कोणी हात लावीना, म्हणून ती आम्हाला निम्म्याहून कमी किमतीत मिळाली. आम्ही सगळी भावंडे तिच्यावर बसायला शिकलो आणि तिने कधी कोणाला पाडले नाही. तापीकाठी दादांनी विचारले आहे, की शहाणी घोडी विकायला कोण आणतो. त्याचे एक उत्तर हेच आहे: ज्याला भोवऱ्याची भीती घातली गेली, तो आणतो. भोवऱ्यावर विश्वास नसलेल्या गरीब खरेदीदारासाठी ही अंधश्रद्धा म्हणजे सवलतच आहे.

तापीकाठी :
ताई, आपली घोडी चांगली निघाली याचा आनंद आहे, आणि किमतीचे गणित मला नाकारता येत नाही. पण गणित पुरते मांडा. स्वस्तात घेतलेली आसूढाळ घोडी उद्या अडचणीत विकायची वेळ आली, तर ती घेणार कोण? नवखा माणूस हौसेने घोडा घेतो आणि पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत विकायला काढतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. त्याच्या दृष्टीने भोवरा खोटा असला, तरी भोवऱ्याने पडणारा भाव खरा आहे.

माळरान :
हा मुद्दा मान्य करावा लागेल, जरी भाव पाडण्यात हातभार कोणाचा, हे विचारण्याचा मोह मला आवरत नाही. मात्र भोवऱ्यांच्या गर्दीत डॉक्टर मागे राहिला. ग्लँडर्सचे नाव कोणी काढलेले नाही. या रोगाने बाधित ठरलेल्या घोड्यावर उपचार होत नाहीत, कायद्यानुसार त्याला मारावे लागते, आणि तो रोग माणसालाही होतो. त्यासाठीच्या रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नये. डोळे, खूर, श्वास आणि कडक जमिनीवरची दुडकी पाहणारा डॉक्टर आपण आपला न्यावा. विक्रेत्याने सुचवलेला नको. चारशे किलोच्या जनावराला रोज सात-आठ किलो सुका चारा लागतो, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो, आणि घोड्याला उलटी होत नसल्याने पोटशूळ उठला की रात्री-अपरात्री धावून येणारा डॉक्टर लागतो. ही सोय गावात नसेल, तर भोवरे कितीही शुभ असोत.

तापीकाठी :
दाखला आम्हीही पाहतो. आम्हाला रोगी घोडे विकणारे समजू नये. नालबंदाचे म्हणाल, तर ते बरोबर आहे. आमच्याच तालुक्यात आता धड नाल ठोकणारा मिळत नाही आणि नवखा मालक खूर वाढून घोडा लंगडू लागेपर्यंत जागा होत नाही. तेवढ्यापुरते, शिंगरू घेणाऱ्याने आधी ही व्यवस्था पाहावी, असे मूळ सल्ल्यात हवे होते. शिंगरू नको, हे मात्र मी म्हणणार नाही.

पागा :
आणि भोवरा?

तापीकाठी :
तो मी पाहणारच. आपण दात पाहा.