मानधन, मोबदला की नुसता दर?

अनुवादिनी
गेली ९ वर्षं मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. सोबत संस्थांचे अहवाल, माहितीपुस्तिका असं लेखनही असतं. आजवर कुणी विचारलं की तोंडी आकडा सांगायचे. या महिन्यात पहिल्यांदा नीट छापील पत्रक करायला बसले आणि मथळ्यालाच अडले. मी लिहिलं होतं ‘लेखन-अनुवादाचे दर’. ज्यांच्या हाताखाली काम शिकले ते संपादक म्हणाले, “दर भाजीचे असतात. मानधन लिही.”

मला हे पटत नाही. माझ्या कानाला मानधन म्हणजे देणारा ठरवतो ते. एका प्रकाशकाने २८० पानांच्या अनुवादाला ‘योग्य मानधन देऊ’ म्हटलं होतं. सात महिन्यांनी रक्कम आली ती पानाला २५ रुपयेही पडेना. विचारलं तर उत्तर मिळालं, “मानधनात घासाघीस करायची नसते.” त्या दिवसापासून हा शब्द मला सलतो.

दुसरी अडचण. शब्द किंवा पानं न मोजता अख्ख्या कामाचा एकच आकडा ठरवला, तर त्याला एका शब्दात काय म्हणायचं? ‘एकरकमी’ चालत नाही. ते हप्त्यांच्या उलट आहे, आणि मी पैसे तीन हप्त्यांत घेते.

मोडीवाचक
तुमच्या संपादकांना सांगा, संस्कृतात ‘मानधन’ म्हणजे पैसा नव्हेच. तो बहुव्रीही आहे: मान हेच ज्याचं धन, असा माणूस. भारवीच्या किरातार्जुनीय या महाकाव्यात पहिल्याच सर्गात वनेचर, म्हणजे हेर म्हणून पाठवलेला रानातला माणूस, दुर्योधनाच्या धनुर्धरांचं वर्णन करतो, ‘महौजसो मानधना धनार्चिताः’. मानी आहेत, आणि धनाने सत्कारलेलेही आहेत. कवीने दोन्ही विशेषणं शेजारी ठेवली, एकाची भरपाई दुसऱ्याने केली नाही. मराठीत ‘मानधनी’ अजून त्याच जुन्या अर्थाने जिवंत आहे. सरकारी आणि संस्थांच्या कागदांत मात्र मानापोटी दिलेलं धन असा तत्पुरुष रूढ झाला.

मुद्रितशोधक
दर या शब्दाची लाज का वाटावी? मी ३० वर्षं मुद्रितं तपासतो. आमच्याकडे पानाला किंवा फर्म्याला इतके, असंच बोलतात. फर्मा १६ पानांचा, त्यात वाद नाही. लेखक-अनुवादकांनी शब्दाचा दर आणला आणि मग खरा घोळ झाला, कारण मराठीत शब्द म्हणजे काय हेच ठरत नाही. ‘शाळेसमोरच्या झाडाखाली’ हे संगणक दोन शब्द मोजतो. त्याचं इंग्रजी करा, सहा-सात सहज होतील.

अनुवादिनी
अगदी हेच! माझ्या अनुभवात १००० इंग्रजी शब्दांचे मराठीत ८०० ते ८५० होतात. म्हणून मी मूळ मजकुराचे शब्द मोजते. पण मराठीतच मूळ लेख लिहायचा असेल तर? तिथे ‘त्याच्या बरोबर’ असं तोडून लिहिणाऱ्याला जास्त पैसे आणि ‘त्याच्याबरोबर’ असं नियमाने लिहिणाऱ्याला कमी. शुद्ध लिहिण्याचा दंडच की हा.

जुना वकील
ताई, मथळा ‘मोबदला’ करा. अरबी ‘मुबादला’, म्हणजे अदलाबदल. बदल, बदली, अदलाबदली, सगळं एकाच धातूचं गोत. दस्त नोंदवल्यावर सूची क्रमांक २ मिळते, तिच्यात खरेदीच्या रकमेपुढे ‘मोबदला’ हाच शब्द छापलेला असतो. १८७२च्या करार कायद्याचं कलम २५ सांगतं की काही अपवाद सोडता प्रतिफलाविना, म्हणजे मोबदल्याविना, केलेला करार निरर्थक. लेखनाला हे आणखी लागू आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. लोक शब्दाला किती पैसे यावर तासभर बोलतात आणि कोणता हक्क किती वर्षांसाठी दिला हे विचारतच नाहीत. आकडा तिथून ठरायला हवा.

धरणाकाठ
मोबदल्यात देवाणघेवाण असते हे वकिलांनी आमच्या गावात येऊन सांगावं. आजोबांची जमीन धरणात गेली. कागदावर शब्द होता ‘मोबदला’. रक्कम त्यांनी मागितली नव्हती, कुणी त्यांना विचारलीही नव्हती. आमच्या घरात ‘मोबदला’ म्हटलं की अजून सगळे गप्प होतात. अनुवादिनीताई, तुमचा ‘मानधन’वरचा आक्षेप ‘मोबदला’लाही तितकाच लागू पडतो. शब्द बदलून ठरवणारा बदलत नाही.

स्वभाषा
आपल्या भाषेत शब्द असताना अरबी कशाला? पारिश्रमिक आहे. श्रममूल्य आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो याचसाठी, की रोजच्या कारभाराचे शब्द आपले असावेत. लेखकानेच आपल्या कष्टाला परका शब्द लावला तर इतरांकडून काय अपेक्षा ठेवायची?

म्हापशेकर
कष्टाच्या पैशाचे किती शब्द ‘आपले’ आहेत ते बघूया. पगार पोर्तुगीज. मजुरी फारसी. हमाली अरबी. मेहनताना अरबी मेहनतीला फारसी शेपूट लावून. फी इंग्रजी. वेतन तेवढं संस्कृत, आणि ते बहुतेक कागदावरच राहतं. आमच्या घरी आजीही ‘पगार जालो?’ असंच विचारायची, तिला पोर्तुगीजचं एक अक्षर येत नव्हतं. आणि पारिश्रमिक मला तरी हिंदी आकाशवाणीवरून आल्यासारखं वाटतं.

स्वभाषा
परिश्रम शब्द मराठीत नाही का? त्याला ‘इक’ लावला तर तो हिंदी कसा झाला? हिंदीने जास्त वापरला म्हणून आपण सोडून द्यायचा?

परभणीकर
ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. अख्ख्या कामाच्या एका आकड्याला आमच्याकडे ‘गुत्तं’ म्हणतात. विहीर गुत्त्यानं दिली, काढणी गुत्त्यानं घेतली. गुत्तेदार तर सगळ्यांना माहीत आहे. कन्नडमधल्या ‘गुत्तिगे’चा भाऊबंद. रोजानं काम म्हणजे माणसाचा दिवस विकत घेतला, गुत्तं म्हणजे काम विकत घेतलं. किती दिवसांत उरकायचं ते करणाऱ्यानं बघावं. तुमच्या अनुवादाला हेच बसतंय.

कृष्णाकाठ
आमच्याकडे ‘उक्तं’. ‘उक्तं ठरवलंय’ म्हटलं की पुढे मोजमाप नाही. माझे वडील सांगायचे, उक्त म्हणजे बोललेलं. एकदा तोंडातून आकडा गेला की तो बदलायचा नाही.

मोडीवाचक
छान आहे, पण ही व्युत्पत्ती मला कानाला गोड म्हणून जुळवलेली वाटते. हाच अर्थ हवा असेल तर ‘मक्ता’ बघा, तो अरबी ‘क’-‘त’-‘अ’ या कापण्याच्या धातूतला. कापून ठरवलेला, म्हणजे तोडून दिलेला. मराठीतही आपण ‘भाव तोडून सांगा’ म्हणतो.

कृष्णाकाठ
कोशात काय आहे ते असो. वडिलांनी आयुष्यभर उक्ती कामं घेतली आणि पाऊस लागला, मजूर आला नाही, तरी आकडा वाढवून मागितला नाही. त्यांच्यासाठी त्या शब्दाचा अर्थ तोच होता.

मुक्तछंद
शब्द कोणताही घ्या, आकडा कसा काढता ते सांगा. मी उलटं मोजतो. महिन्याला ५०,००० रुपये हवेत. २५ दिवस, रोज खरं लेखन फार तर ५ तास, म्हणजे १२५ तास. तासाला ४०० रुपये. तासाला तपासून पक्के असे २५० शब्द अनुवादित होतात, म्हणजे शब्दाला १ रुपया ६० पैसे. याखाली गेलो तर ती खोट मी माझ्या झोपेतून भरतो. यात आजारपण, वीज, बुडालेली बिलं धरलेली नाहीत. कायदा किंवा औषधाचा मजकूर असेल तर तासाला १५० शब्दही होत नाहीत, तिथे दर आपोआप वर जातो. एक विनंती, ‘मुक्त लेखक’ हेही पत्रकात लिहू नका. ‘मुक्त’ वाचून मोफत समजणारे मला दोनदा भेटलेत.

रानजाई
माझी आई अंगणवाडी सेविका होती. तिला पगार कधीच नव्हता, कायम मानधन. सकाळी मुलं, दुपारी घरभेटी, रात्री रजिस्टरं, आणि निवृत्तीच्या वेळी उत्तर हेच की तुम्ही मानसेवी आहात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीच्या खटल्यात सांगितलं की अंगणवाडीतल्या बायकांचं मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. एका शब्दाचा अर्थ लावायला इतकी वर्षं गेली. ‘मोबदला’बद्दल धरणाकाठ म्हणतात ते मला मान्य आहे. पण शब्द बदलून काहीच होत नाही, हे मी मानणार नाही.

जुना वकील
रानजाई, तो निकाल फार महत्त्वाचा आहे, बरं झालं काढलात. अनुवादिनीताई, तुम्ही बिलावर ‘मानधन’ लिहा नाहीतर ‘दर’, कर कापणारा ते बहुधा व्यावसायिक शुल्कातच धरून १० टक्के कापेल.

अनुवादिनी
म्हणजे कर कापताना मी व्यावसायिक आणि पैसे ठरवताना मानकरी. पत्रक उद्या छापायला द्यायचं आहे. परभणीकर, ‘गुत्तं’ मला मनापासून आवडलं, पण पुण्या-मुंबईच्या संस्थेला कळेल का? कृष्णाकाठ, ‘उक्ता दर’ असं विशेषण म्हणून वापरतात का तुमच्याकडे? की ‘उक्तं’ एकटंच येतं?

म्हापशेकर
आमच्या बागेत नारळ पाडायला पाडेली येतो तो माडामागे पैसे घेतो, नारळामागे नाही. माडावर पाच नारळ असोत की पन्नास, चढणं तेवढंच. अनुवादाला हे मोजमाप लावता येईल का, याचा विचार करतोय.

स्वभाषा
‘मजुरी’ फारसी हे मान्य. पण ‘मोल’ विसरलात सगळे. मूल्यावरून आलेलं, शुद्ध आपलं. मोलाने काम, मोलमजुरी.

रानजाई
आणि मोलकरीण.

परभणीकर
खानदेशात गुत्त्याला काय म्हणतात? तिकडचं कुणी आहे का इथं?