धागा : पाखंड्यांत पाठवलेला भाविक शिपाई नेमका कुठे पकडला जाईल?

बांधीकाठ
झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या, रात्रभर चालणाऱ्या) नाटकासाठी कथानक रचतो आहे. राज्य काल्पनिक, अग्निदेवाचं. जंगलात एक पंथ लपलाय, 'देवाला देऊळ लागत नाही' म्हणणारा. राजा आपला सर्वांत भाविक शिपाई रोवणीच्या (भातलावणीच्या) मजुराच्या वेषात तिकडे धाडतो. तिसऱ्या अंकात तो पंथाची पोथी चोरून आणतो. माझं मत, त्याचं बिंग ताटावर फुटेल. जेवायला बसला की हात आपसूक ताटाभोवती पाणी फिरवतो, उजवीकडे चित्राहुतीची शितं ठेवतो. जन्माची सवय दोन महिन्यांच्या तालमीनं जात नाही.

रातवा
साफ चूक. पंथातले लोक आभाळातून पडले का? तेही कालपर्यंत अग्नीलाच हात जोडत होते. पंगतीत निम्म्यांचे हात अजून पाण्याच्या गडव्याकडे जातात अन् मधेच थबकतात. ज्याचा हात थबकतच नाही, त्याच्यावर नजर ठेवतील. पहिल्याच दिवशी देवाला बेधडक शिव्या देणारा नवखा, तोच हेर.

चिखल्या
तुम्ही दोघंही ताटातच अडकले गा. पाय पाहा. रोवणीत दिवसभर बांधीच्या (भातखाचराच्या) पाण्यात उभं राहिलं की काही दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते. श्रावणात आलेला मजूर अन् बेचक्या कोरड्या? पहिल्या रात्रीच खेळ खलास. हातही तसेच. रोप खोचायला अंगठा अन् दोन बोटं लागतात, मूठ नाही. तलवारीचे घट्टे बोटांच्या मुळाशी असतात. ते लाकूडतोड्याचे म्हणून खपतील, रोवणीवाल्याचे नाही. हनुवटीखाली शिरस्त्राणाच्या पट्ट्याची गोरी रेघही राहते. निघण्याआधी महिनाभर त्याला उघड्या डोक्यानं बांधीत राबवा.

बांधीकाठ
चिखल्या मान्य. पण मागच्या रांगेतल्या माणसाला बेचक्या कशा दिसतील बाप्पा? ताट दिसते.

रातवा
शितं तरी कुठं दिसतात? थबकलेला हात दिसतो, त्या क्षणाला पेटी-तबला थांबवला तर.

पोथीवाला
खरी अडचण तिसऱ्या अंकात आहे. पोथी आणली, पण राजा वाचणार कशी? महानुभाव पंथाची सांकेतिक सकळ लिपी आठवा. अक्षरांच्या जागी भलतीच अक्षरं, किल्ली फक्त पंथात. बाहेरच्यांना शतकानुशतकं काही उमगलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ती उकलली. (महानुभावांना पाखंडी म्हणत नाही हां, उदाहरण लिपीपुरतंच. त्यांचं तीर्थ रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे, संवादात तो शब्द जपून वापरा.) म्हणजे चोरी करून भागत नाही. लिपी शिकायला दीक्षा घ्यावी लागेल, तीही गुरूच्या डोळ्यांत पाहून. शिवाय पावसाळ्यात वैनगंगेसारखी नदी फुगली की निरोप्याही पार होत नाही. चार महिने राजाचा एक शब्द नाही, रोज मात्र गुरूचं निरूपण कानावर.

बांधीकाठ
राजपुरोहित निघतानाच आगाऊ प्रायश्चित्त देऊन ठेवेल. दीक्षा खोटी, पाप माफ.

रातवा
मग नाटक काहून करता? पापाची भीतीच काढली तर पहाटेपर्यंत कोण बसंल? भाविकच का निवडला, ते आधी ठरवा. लबाड शिपाई तर कोणत्याही छावणीत दहा मिळतात.

पोथीवाला
रातव्याशी सहमत. पुरोहिताचा प्रवेश कापा.

बांधीकाठ
कापत नाही. पुरोहिताचं काम करणारा नट चांगला गातो.

चिखल्या
ठेवा मग. फक्त दीक्षेचा प्रवेश रोवणी आटोपल्यावर घ्या. पाय धुतल्याशिवाय दीक्षा देत नसतील, अन् तोवर चिखल्या खऱ्या झालेल्या असतील.